बाबांच्या डब्यातली दगडाची पूड

चिऊ,
अशी कल्पना कर, तुला खोकला झाला. तू आइसक्रीम सोडलंस आणि त्याच दिवशी लाल रिबीनही बांधलीस. खोकला गेला. मग शाबासकी रिबिनीला द्यायची का?

बाबांचं तसंच झालंय. बॅटरीच्या कारखान्यात त्यांच्या रक्तात शिसं गेलं. रजेवर असताना ते डब्यातली ही दगडाची पूड पाण्यातून घेत होते आणि शिसं उतरलं. पुडीनेच ते ओढून काढलं, असं ते म्हणतात. पण कामावर परतल्यावरही पूड चालूच होती, तरी आजच्या तपासणीत शिसं वाढलेलं निघालं. म्हणून त्यांना दवाखान्यात नेतोय. "अप्पा, तुमची शाळा पुरे," म्हणून माझ्यावर कुरकुरताहेत.

आई येईपर्यंत बाळाला सांभाळ. बाबा त्याच्याही दुधात पूड घालणार होते. तू घालू नकोस. कारखान्याचे कपडे मी पिशवीत बांधलेत, त्यांना हात लावू नकोस. त्या धुळीतून शिसं घरात येतं. जेवण झाकून ठेवलंय. माझा जीव थाऱ्यावर नाही, निघतो.
आजोबा

आजोबा,
बाळाला नुसतं दूध दिलं. बाबांचे कारखान्याचे बूट तुम्ही घरातच विसरलात. मी ते काठीने ढकलत दाराबाहेर काढले.
चिऊ