कुसुमच्या पायाचं माप

कुसुमचे बाबा, जयभीम.

भाकरी टोपल्यात हाये. मी कुसुमला घेऊन औरंगाबादच्या दवाखान्यात चालले.

त्यांनी चालताना पायाला बांधायच्या कॅलिपरसाठी तिचं माप मिलीमीटरमधी मागितलंय. टेपवर चोपन्न सेंटीमीटर भरलं. तुम्ही शंभरानं गुणून ५४०० लिहिलं. पण शंभरानं तर मीटरचे सेंटीमीटर करताना गुणतात न? सेंटीमीटरचे मिलीमीटर दहाच. मंग ५४० झाले. ५४०० म्हणजी पाच मीटरच्या वर, एवढं तर आपलं घरबी उंच न्हाई. पण तुम्ही "तुला काय कळतंय" म्हणून वरडले, तवापासून कोणतं बराबर ते मलाबी सुधरून न्हाई राह्यलं.

मागचं कॅलिपर आखूड आल्तं, पोरगी किती रडली. आता कागद धाडत न्हाई, पोरगीच नेते. तिथंच पाय मोजतील.

गिरिजा