ड्यूकची परवानगी

प्रिय आई,

लहानपणी मी पलंगाखाली कुत्र्याचं पिल्लू लपवलं होतं, तेव्हा बाबांसमोर तू म्हणालीस, "नोरीन, मी तुझ्यासाठीसुद्धा खोटं बोलणार नाही." आज ते फार आठवतंय.

मी बरी आहे. वाघाचे बछडे बाटलीने दूध पिऊन माझ्या मांडीवरच झोपतात. हातावरचं ओरबाडलेलं भरत आलंय. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या या प्राणीबागेचा मालक दर रविवारी फोनवर तुला "मॉम" म्हणतो, चर्चची चौकशी करतो, म्हणून तुला तो भला वाटतो. मलाही वाटायचा. इथे सगळे त्याला पापा म्हणतात.

परवा मी घरी यायला सुट्टी मागितली. तो सगळ्यांदेखत हसला. "अगं पोरी, घर तर हेच! जायचंच असेल तर ड्यूकला विचार."

ड्यूक आमचा सगळ्यात मोठा वाघ. सुट्टी मागणाऱ्याने खेळाच्या वेळी काठीशिवाय त्याच्या पिंजऱ्यात जायचं, अशी इथली रीत. सगळे हसले, मीही हसले. माझ्याबरोबर काम करणारा ग्लेन असाच गेला होता. आता तो डाव्या हाताने जेवतो. माझा नंबर पुढच्या शनिवारी आहे.

कुणाची आई आजारी असली तर मात्र पापा लगेच सोडतो, लोकांत ते शोभून दिसतं.

हे पत्र वाघांसाठी मांसाचा ट्रक आणणारा हँक तुझ्या हातात देईल. रविवारी फोन आला की एवढंच म्हण, "मी पडलेय, उठवत नाही, नोरीनला पाठव." तू म्हणणार नाहीस, ठाऊक आहे मला. तरी म्हण ना गं.

तुझीच,
नोरीन