दोघींच्या गोळ्या, एक बाटली

मंगळवार, सकाळ
तुझ्याच खोलीबाहेरचा बाक

चि. टिल्लू यास ताईचे आशीर्वाद.

तू खुशाल असशील. आम्ही दोघी बहिणी ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ते कितपत खरं आहे ते पुढे कळेल.

पत्र लिहायचं कारण एकच. तुझ्या दारातली मुलगी आम्हाला आत सोडत नाही. "सर मीटिंगमध्ये आहेत. काय असेल ते लिहून द्या, मी आत पाठवते." मी म्हटलं, "त्याला सांग, ताई आली आहे." ती म्हणाली, "कोणाची?" मी म्हटलं, "टिल्लूची." तिने दारावरची पाटी पाहिली, तुझ्या नावापुढची पदव्यांची शेपटी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "इथे टिल्लू म्हणून कोणी काम करत नाही." धाकटी हसली. काल दुपारपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही, तरी हसली. मग मी कागद मागितला. कागदाच्या माथ्यावर तुझ्या संस्थेने 'माणूस आधी' असं छापून घेतलं आहे. त्याच्या खालीच लिहिते आहे.

आज आम्हा दोघींच्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचा दिवस होता. मागच्या पंधरवड्यात तुमचं टपाल आलं. धाकटीने औषधाच्या चाचणीचे नियम मोडले, सबब तिचा सहभाग रद्द, गोळ्या बंद, आजची तपासणीही रद्द, 'इतरत्र तपासणी करून घ्यावी'. खाली तुझी सही. इतरत्र म्हणजे कुठे, ते लिहायचं राहिलं. सार्वजनिक रुग्णालयात आम्ही विचारून आलो. तिथे मिळणारी तारीख ऐकून धाकटी म्हणाली, "तोवर मी असले तर नक्की येईन." खिडकीतल्या माणसाने मान डोलावली. त्याला हा विनोद रोजचा असावा.

सही करताना तू नाव वाचलं नसशील. तुमच्याकडे आम्हाला आकडे आहेत, मला ठाऊक आहे. म्हणून आकड्यांमागे कोण बसलं आहे ते सांगते.

तू आमच्या स्वयंपाकघरात बसून हे सगळं समजावलं होतंस. आपल्या घराण्यात मोठ्या आतड्यात कोंब येतात, त्यातला एखादा पुढे कर्करोगाचा होतो. आमचे वडील त्यानेच गेले, तुझी आई म्हणजे आमची आत्याही. तू म्हणालास, "ताई, आतड्यात जी बारीक सूज सतत धुमसत असते ना, तिच्या धगीवर हे कोंब पोसले जातात असं दिसतंय. सांधेदुखीला देतात ती सूज उतरवणारी गोळी रोज घेतली तर कोंब कदाचित वाढणारच नाहीत." तू 'कदाचित' म्हणालास हे मी विसरलेले नाही. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी, कुणाला कुठली ते नाणं उडवून ठरणार, आणि ते ना तुला कळणार ना आम्हाला, हेही सांगितलंस. धाकटीने विचारलं, "म्हणजे मला खडू मिळाला तर?" तू म्हणालास, "तर तू जगाला मोजायला मदत केलीस. आणि गोळी खरी असो की खोटी, घ्या की सोडा, दर वर्षीची तपासणी कुणाची चुकणार नाही. हा माझा शब्द." चहाचा कप हातात धरून म्हणाला होतास. मी शब्दावर सही केली, कागदावर नंतर.

मी पदवीला शास्त्र शिकलेली बाई आहे. नंतर आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं. एका कुंडीला खत घालायचं, दुसरीला नाही, आणि मग दोन्ही रोपं मोजायची, हे मी मुलींकडून दर वर्षी करून घेत असे. तेव्हा नाणं का उडवायचं ते मला समजावू नकोस. ही गोळी पोटातून रक्तही काढते, हृदयालाही त्रास देते. ती सरसकट सगळ्यांना चारण्याआधी मोजलंच पाहिजे. तुझं काम खोटं आहे असं मी आजही म्हणत नाही. पण कुंडीला शेजारच्या कुंडीची काळजी नसते, टिल्लू. त्या दोघी एका घरात राहत नाहीत.

आता नियम कसा मोडला ते ऐक, कारण तुमच्या दफ्तरात ते चुकीचं लिहिलेलं आहे.

गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत माझे गुडघे दुखायचे थांबले. मी बाजारातून पिशव्या घेऊन एका दमात वर आले. धाकटी दारात उभी होती. म्हणाली, "घ्या! नाण्याचा निकाल लागला." मी म्हटलं, "एका गुडघ्यावरून अंदाज बांधू नये." ती म्हणाली, "दोन आहेत." तिची कंबर मात्र जशी दुखत होती तशीच दुखत राहिली. तुमच्या एवढ्या मोठ्या संस्थेत, ज्यांना आधीच सांधेदुखी आहे त्यांना खरी गोळी आपोआप ओळखू येईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही? आमच्या जिन्याच्या आलं.

मग वर्षाची तपासणी झाली. माझे कोंब कमी झाले होते. तिचे वाढले होते, आणि एकातून काढलेल्या तुकड्यात पेशी बदलायला लागल्या आहेत असं तुझ्या हाताखालच्या डॉक्टरांनी सांगितलं. "अजून काही नाही, पण लक्ष ठेवायला हवं." लक्ष ठेवायला हवं, हे शब्द त्यांचे आहेत.

घरी आल्यावर मी माझी बाटली तिच्यापुढे ठेवली. "ही तू घे." "मग तू?" "मी तुझी घेते." "म्हणजे तू खडू खाणार आणि मी तुझ्या वाटणीचं आयुष्य? मला नको." ती हट्टी आहे, मी तिच्याहून. संध्याकाळपर्यंत बाटली टेबलावर इकडून तिकडे सरकत होती. शेवटी मी दोन्ही बाटल्या उघडल्या आणि गोळ्या एकीत ओतल्या. रोज दोघींनी त्यातून एकेक घ्यायची, जी हाताला येईल ती. त्याने कुणालाच पुरतं औषध मिळालं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तुमची मोजणी बिघडणार हेही कळत होतं. पण तिला रोज खोटी गोळी गिळताना समोर बसून बघणं मला जमलं नसतं, आणि मला सोडून एकटीने खरी घेणं तिला. तू सांग, तिसरा रस्ता कुठला होता? कळवलं असतं तर काढून टाकलं असतंत. काढलंतच.

आम्ही लपवलंही नाही. म्हणजे धाकटीला लपवता येत नाही. चष्मेवाल्या सिस्टरनी उरलेल्या गोळ्या मागितल्या, तर ही म्हणते, "अहो, आम्ही दोघींची एकच बाटली केली आहे, सोयीची पडते." सिस्टरचा चेहरा पडला तेव्हा हिच्या लक्षात आलं, आणि लगेच वर खोटं बोलली: "मी केलं. ताईला काही माहीत नाही." मी तिथेच सांगितलं की बाटल्या मी ओतल्या. सिस्टरनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. चाचणीत एक तरी राहू द्या." त्या बाईच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यामुळे आज असं झालं आहे, की गुन्हा दोघींचा, शिक्षा एकीला, आणि तीही जिचे कोंब वाढले आहेत तिला. जिला तपासणीची गरज आहे तिला दार बंद, आणि जिचं बरं चाललं आहे तिला आतमध्ये खाट तयार. हे तुझं शास्त्र नाही. हा तुझ्या शास्त्राच्या नावावर चाललेला कारकुनी कारभार आहे.

धाकटी मान वाकडी करून वाचते आहे. म्हणते, "एवढं कडक लिहू नकोस. बिचाऱ्याला किती व्याप असतील. शाळेत माझ्या पाटीवरून गणितं उतरवायचा, आठवतंय?" मला आठवतं. उत्तर तेवढं उतरवायचास, रीत नाही.

ती आता पुन्हा संडासात गेली. पोट साफ करायचं ते तुमचं औषध अजून तिला बसू देत नाही. तारीख रद्द झाली तरी ती हट्टाने ते प्यायली, म्हणाली, "टिल्लू समोर भेटला की नाही म्हणणार नाही. तेव्हा आपली तयारी नको का?" ती परत यायच्या आत लिहून टाकते.

तिला रक्त जातं आहे. किती दिवस ते मला माहीत नाही, तिने सांगितलं नव्हतं. परवा कपडे भिजवताना मला दिसलं. विचारलं तर म्हणाली, "मूळव्याध असेल." टिल्लू, आत्याही हेच म्हणायची. न्हाणीघराचं दार आतून लावून घ्यायची आणि बाहेर आली की हेच सांगायची. तू तेव्हा लहान होतास. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

हे रक्त कोंबाचं आहे की आम्ही वाटून घेतलेल्या गोळीचं, मला कळत नाही. गोळीचं असेल तर माझ्या हातून गेलं. मी ते नाकारणार नाही. पण ते सांगायला आत बघावं लागतं, आणि बघायची सोय तुम्ही काढून घेतली आहे.

अजून एक. हे मी कुणापाशी बोलले नाही, धाकटीपाशीही नाही, आणि बोलणारही नाही.

मागच्या उन्हाळ्यात तू आमच्याकडे जेवायला आला होतास. हात धुऊन झाल्यावर खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून एक गोळी घेतलीस. मी म्हटलं, "काय रे, डोकं दुखतंय?" तू म्हणालास, "नाही गं, गुडघा." मग खाली गाडीचा भोंगा वाजला आणि तू दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरलास. पाकीट टेबलावर राहिलं होतं. मी नाव वाचलं. तीच गोळी. औषधाच्या दुकानातून विकत आणलेली, अख्खी, खरी.

तूही त्याच घराण्यातला. तुझ्याही आतड्यात तेच कोंब. भीती वाटली असेल. मला समजतं, आणि त्याबद्दल माझा राग नाही. राग याचा आहे की स्वतःसाठी तू नाणं उडवलं नाहीस. तुला 'कदाचित' पुरेसं होतं. आमच्यासाठी मात्र पुरावा हवा, शिस्त हवी, नियम हवा. आणि आम्ही दोघींनी तुझ्यासारखीच घाबरून तुझ्यासारखीच पळवाट काढली तर आम्ही अपात्र! तुझी सही त्या टपालावर बघितली तेव्हा मला ते पाकीट दिसलं. मी ते तेव्हा हाक मारून तुला खाली फेकलं होतं आणि तू हसत झेललं होतंस.

ती आली. चेहरा पांढरा पडला आहे, पण विचारते, "झालं का रागावून?"

आता कामाचं. गोळ्या बंद केल्यात, ठीक. परत मागत नाही. मोजणीत आम्हाला कुठे बसवायचं ते तू बघ. पण गोळी चुकवणाऱ्यांना मोजणीतून हाकलून दिलं तर उरलेले सगळे आज्ञाधारकच राहतील, आणि त्यांच्यावरून जग कळत नाही, एवढं शाळेतल्या मुलीही सांगतील. मला तुझा शब्द हवा आहे. घ्या की सोडा, तपासणी चुकणार नाही.

आजची माझी वेळ आहे. खाट तयार आहे, डॉक्टर हजर आहेत. मी सकाळी चहा प्यायले, चार बिस्किटं खाल्ली आणि वर एक केळं. मुद्दाम. भरल्या पोटी दुर्बीण घालत नाहीत, तेव्हा माझी वेळ रिकामी जाणार. बाहेर मात्र एक बाई पूर्ण तयारीनिशी उपाशी बसली आहे. पुढचं गणित रीतीसकट तू कर.

तुझी मीटिंग संपेपर्यंत मी इथून उठणार नाही.

तुझी ताई


त्याच दिवशी, दुपार
तोच बाक

टिल्लू,

तू बाहेर आलास. माझं पत्र तुझ्या हातात होतं. माझ्याकडे पाहिलं नाहीस. धाकटीपुढे उकिडवा बसलास आणि म्हणालास, "कधीपासून?" ती म्हणाली, "काही नाही रे, मूळव्याध असेल." तू तिथेच, दारातल्या मुलीसमोर, रडलास. मग तिला हाताला धरून आत घेऊन गेलास. आपल्या दोघांचं नंतर बघू. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तुझं ते टपाल अजून मागे घेतलेलं नाही.

पण तुमच्या संस्थेत तोंडी काही चालत नाही असं दिसतं, म्हणून नोंद करून दारातल्या मुलीकडे देते.

चष्मेवाल्या सिस्टरकडून मला मिळालं: धाकटीचा चष्मा. कानातले दोन. कवळी, ओल्या रुमालात गुंडाळलेली. चपला.

माझ्याकडून तुला दिलं: धाकटी बहीण. शुद्धीवर, चालत, हसत. आत जे दिसेल ते तिला खरं सांगायचं, आणि सांगताना मला शेजारी बोलवायचं, या अटीवर.

पोच तुझ्या हातची हवी.

ताई