तिच्या नावावर माझं बोट

बाबा, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली आणि आज मला तुम्हाला कामातलंच एक विचारायचं आहे. तुम्ही हिंगणघाटला गिरणीच्या फाटकावर टाइमकीपर होतात. मी आता एका सूतगिरणीत हजेरी बघते, म्हणजे तुमचंच काम करते.

तुमचं ते घड्याळ अजून डोळ्यांपुढे आहे. कार्ड फटीत सारायचं, दांडा दाबायचा, टण्ण करून वेळ उमटते. उशीर झाला तर लाल शाईत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन आलेय आणि गंमत म्हणून कुणाचं तरी कार्ड मारते. तुम्ही ओरडत नाही. हातातला घास तसाच ठेवून एवढंच म्हणता, "मानूस आला नाई, त त्याचं कार्ड काऊन मारलं? ज्याचं त्यानंच मारा लागते." डबा न संपवता परत पाठवलात. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग तुमच्या तेरवीला गिरणीतली एक म्हातारी मला जवळ घेऊन म्हणाली, "तुये बाबा घड्याळ पाच मिनटं मांगं ठेवत, आमची अल्लीपूरची गाडी येईस्तोर." तेव्हापासून मी गोंधळलेलीच आहे.

आता कार्ड गेलं, यंत्रावर बोट टेकवायचं. आमच्याकडे एक बाई आहे, तीही अल्लीपूरचीच. वर्षानुवर्षं तुटलेला धागा जोडून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्यात, यंत्र तिला ओळखत नाही. महिन्यात चार खाडे लागले की कायम होण्याच्या यादीतून नाव गळतं; हजर असून तिचे तीन लागले होते. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले बघू. "इथं साऱ्याइले मी दिसतो, मशीनलेच काऊन दिसत नाई?" तिनं विचारलं. शेवटी मी तिच्या नावावर माझं बोट नोंदवलं. रोज ती समोर उभी राहायची, मी बोट टेकवायचे. माणूस तर आलंय ना, अशी मनाची समजूत घालायचे.

काल ती आली नाही. तरी मी बोट टेकवलं. सवयीनं झालं, असं दिवसभर स्वतःला सांगत राहिले. आज सकाळी ती आली, सुनेला दवाखान्यात न्यावं लागलं म्हणाली, आणि कालचा खाडा लागला का म्हणून भीत भीत विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं माझ्याकडे न बघता त्या यंत्रालाच हात जोडले.

बाबा, माझी मती गुंग झालीय. डबा परत पाठवणारे तुम्ही खरे, की घड्याळ मागे ठेवणारे? कुणाला विचारू? हा कागद हजेरीच्या कपाटातच राहणार आहे, म्हणून लिहून टाकते. सवय नव्हती ती. बोट टेकवायच्या आधी मी दाराकडे पाहिलं होतं, तुम्ही तर बघत नाही ना म्हणून.