आणि चिरंजीव

अण्णा, गेल्या आठवड्यात तुमचं नाव माझ्या स्क्रीनवर होतं. मालाडच्या माझ्या दुकानात रंगाचे डबे नाहीत, एक कॉम्प्युटर आहे आणि विनाइल कापायचं मशीन. दुकानांच्या काचांवर, टेम्पोंच्या पाठीवर चिकटवायची अक्षरं मी कापून देते. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. आता वाटलं, कारण तुमच्या मुलाचा फोन आला. भांडुपचं दुकान तो नव्यानं करतोय. जिथे तुम्ही मांडी घालून बोर्ड रंगवायचात तिथे केव्हापासून मोबाइलची कव्हरं लटकतात, तुम्हाला ते कोण सांगणार? "ताई, जुना बोर्ड उतरवला, पत्रा पार सडलाय. काचेवर सेम तसंच पाहिजे. अण्णांचं नाव आणि खाली 'आणि चिरंजीव'. लोक त्याच नावानं ओळखतात ना." सोबत बोर्डाचा फोटो. पांढरी अक्षरं, त्यांना तुमची ती लाल किनार.

लोकांना वाटतं नाव टाइप केलं की झालं. मशीनला रंग दिसत नाही, जाडी कळत नाही. त्याला फक्त रेघ कळते आणि त्या रेघेवरून ते पातं फिरवतं. आपल्या अक्षरांत प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी हा वेगळा तुकडा असतो आणि हे तुकडे शिरोरेघेपाशी एकमेकांवर चढलेले असतात. तसंच सोडलं तर पातं प्रत्येक सांध्यातून जातं आणि कागदावरून उचलताना अक्षराच्या चिंध्या हातात येतात. म्हणून आधी टाइप केलेल्या अक्षराचा आकार करून घ्यायचा, मग सगळे तुकडे जोडून बाहेरून एकच सलग रेघ काढायची. किनार हवी असेल तर तीच रेघ थोडी बाहेर सरकवायची, आणि तसं करताना 'व'चं पोट बुजायला लागलं की माउसनं ओढून ते मोकळं करायचं. तुमच्या नावातला 'व' मी त्या दिवशी किती वेळ मोकळा करत बसले होते. फॉन्टमधला 'व' तुमच्यासारखा नव्हताच. शेवटी फॉन्ट काढून टाकला आणि फोटो खाली ठेवून सगळं नाव हातानं ओढलं. तुमचं अक्षर मला पाठ आहे. तुम्ही शिकवलं म्हणून नव्हे.

तुम्ही मला ब्रश धुवायला शिकवलंत. दुकानामागच्या आपल्या स्वयंपाकघराच्या मोरीत रॉकेलच्या वाटीत ब्रश बुडवून, केस न मोडता, टोक जुळवून ठेवायचं. ते मला झकास जमायचं, आणि धुता धुता दारातून तुमचा हात दिसायचा. एकदा मी खडूनं लादीवर अक्षरं काढली होती, किनारीसकट. तुम्ही पाहिलीत. बराच वेळ पाहिलीत, मला आठवतंय. मग पायानं ओलं फडकं त्यावरून फिरवलंत आणि म्हणालात, "ह्या चेडवांचा काम न्हय." मुलींचं काम नाही. आई पोळ्या लाटत होती, तिनं मान वर केली नाही. त्या दसऱ्याला तुम्ही हत्यारांची पूजा केलीत, आणि नवा ब्रश माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिलात. त्याला शिरोरेघ सरळ मारता येत नव्हती, मारावी असं वाटतही नव्हतं. पण बोर्डावर तुम्ही 'आणि चिरंजीव' चढवून मोकळे झालात.

मग तुम्हाला कावीळ झाली. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडायचा होता आणि बोर्ड नुसती पांढरी पाटी होऊन भिंतीला टेकलेला. चिरंजीव मैदानावर. तुम्ही आतल्या खोलीत अंथरुणावर पडून त्याच्या नावानं हाका मारताय, आणि बाहेर मी पत्रा आडवा घालून, दोरी ताणून, खडूनं रेघा आखतेय. तुम्हाला माहीत होतं. मध्ये एकदा तुम्ही भिंतीला धरून दारापर्यंत आलात, उभे राहिलात, आणि मला न थांबवता परत जाऊन पडलात. मला तेव्हा ती परवानगी वाटली. वेडीच होते मी.

डॉक्टर बोर्ड न्यायला आले. खूश झाले अगदी. म्हणाले, "तुम्ही तर आजारी, मग हे इतकं सुंदर कुणी काढलं?" मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. माझ्या नखांत अजून लाल रंग होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, अण्णा, सरळ बघितलंत, आणि म्हणालात, "मुलगा आहे ना माझा. त्यानं केलं." डॉक्टर म्हणाले, "वा, हात आहे पोराचा." मी चहा दिला. ते गेल्यावर वाटलं, तुम्ही मला तरी काहीतरी म्हणाल. तुम्ही कूस वळवलीत.

हे सगळं गिळून मी अंधेरीत प्लॉटर, म्हणजे हे अक्षरं कापायचं मशीन, चालवायला लागले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. तुम्ही शेवटपर्यंत त्याला चिकटपट्ट्यांचा धंदा म्हणत राहिलात. ठीक आहे. पण गेल्या आठवड्यात न राहवून मी फोनवर त्याला विचारलंच, "चिरंजीव कशाला रे हवंय? तू एक बोर्ड तरी पुरा केलायस का?"

"काय बोलतेस ताई! दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड कुणी केला मग? मीच ना. अण्णा सगळ्यांना सांगायचे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या आवाजात जराही अडखळ नव्हती. तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की त्याला आता तसंच आठवतं. ब्रश, दोरी, वास, सगळं आठवत असेल कदाचित.

मी तुमचं नाव कापलं. किनारीसकट, स्वच्छ. खालची ओळ केली नाही. "ती दुसरीकडून करून घे," म्हटलं. "अगं पण का?" म्हटलं, "मला जमत नाही." त्यानं भांडुपमध्येच कुणाकडून तरी ती करून घेतली, तयार फॉन्टमध्ये. काल जाऊन बघून आले. वरची अक्षरं तुमची, खालची कुणाचीच नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला काही फरक पडत नाही. तो मात्र काचेसमोर उभा राहून फोटो काढत होता, मलाही बाजूला उभं केलं.

हे लिहून झालं की मी फाडणार आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही उत्तर दिलं नसतं. फक्त एक सांगायचं राहिलं. माझ्याकडे दोन मुली काम शिकायला येतात. त्यांनी एकदा विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठे शिकलात हे?" मी म्हटलं, वडिलांकडे. त्यांनी जवळ बसवून शिकवलं. का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्या मुलींना खरं सांगायचा धीरही झालेला नाही.