मुंग्या गेल्या, चौकोन आले

अण्णा, त्या दिवशी तुमचं चुकलं होतं. इतकी वर्षं मनात घोळवून शेवटी लिहायला बसले तर पहिलं वाक्य हेच आलं, आणि वडिलांना असं लिहू नये म्हणतात, तरी मी ते खोडणार नाही. जयनगरातल्या आपल्या गल्लीला आपल्याच गच्चीवरून केबल जायची. तुम्ही वर डिश हलवायची, मी खाली टीव्हीसमोर उभं राहून ओरडायचं. पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की ‘स्वल्प!’, म्हणजे अजून थोडं, आणि चित्र स्वच्छ झालं की ‘सरी!’ घरात सगळं मराठी, पण या कामापुरते हे दोन कानडी शब्द. मला वर यायचं होतं. दर वेळी विचारायची, आणि मुलींनी गच्चीवर पाना-पक्कड घेऊन काय करायचंय, म्हणून तुम्ही मला उडवून लावायचात.

मग वाहिन्या डिजिटल होऊ लागल्या, नवा रिसीव्हर आला. मुंग्या गेल्या, पण चित्र थिजायचं, त्याचे चौकोन चौकोन व्हायचे. समोरच्या अक्का तणतणत आल्या, ‘काल माझ्या मालिकेतल्या सुनेला नाकच नव्हतं, अण्णा! दुसरी केबल घेऊ का?’ त्यांच्यामागे आणखी चार गिऱ्हाईकं. तुम्ही वर जुन्या सवयीनं डिश फिरवताय, न थांबता. पडदा काळा. अचानक चित्र येतं, मी ‘सरी!’ म्हणते, तोवर तुम्ही पुढे सरकवलेलं असतं आणि चित्र गायब. असं तीनदा झालं. तुम्ही कठड्यावरून वाकून सगळ्यांदेखत विचारलंत, ‘डोळे आहेत की बटणं?’

डोळे ठणठणीत होते! नव्या यंत्राला चित्र जुळवायला वेळ लागतो, हे माझ्या ध्यानात आलं होतं. ‘जरा हलवा, हात काढा, दहापर्यंत मोजा,’ मी ओरडले. ‘मला शिकवतेस?’ हो, शिकवत होते! तरातरा जिना चढले आणि तुमच्या हातातला पाना काढून घेतला. तुम्ही खाली जाऊन टीव्हीसमोर उभे राहिलात. मी बोटभर सरकवते, थांबते, मोजते. पुन्हा बोटभर. चौथ्या खेपेला खालून तुमचा आवाज येतो, ‘सरी!’

खाली आले तर अक्का विचारत होत्या, ‘कसं जमवलंत हो?’ आणि तुम्ही म्हणालात, ‘अनुभव!’ माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी काही बोलले नाही, तर आई कौतुकानं म्हणाली, पोरीनं बापाचा मान राखला. कसला मान, अण्णा? चित्र मी आणलं होतं. तुम्ही गेल्यावर आता हे पत्र टाकायला पत्ता नाही, पण असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट कबूल करावी लागते. खरं बोलले असते तर तुम्ही मला पुन्हा गच्चीवर पाऊल टाकू दिलं नसतं, या भीतीनं मी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, ‘चल वर.’ तेवढ्यासाठी तुमचं खोटं मी चालवून घेतलं, आणि पुन्हा घेईन.