सीताफळाच्या बियांची माळ

घोटी, ता. ६-११-७८

ती. अक्कास,
खंडेरावाचा सा. न. वि. वि.

आपल्या लताचं लग्न मार्गशीर्षात धरलं आहे. तू आत्या, चार दिवस आधी यायचंस. एक अडचण आहे, रागावू नकोस. साखरपुड्याला तुझ्या गळ्यात ती काळी माळ होती. विहीणबाईंना ते मंगळसूत्र वाटलं आणि त्यांनी दाजी का आले नाहीत, असं हिला विचारलं. दाजींना जाऊन नऊ वर्षं झाली हे सांगताना हिची जीभ अडखळली. तेव्हापासून गावात कुजबुज आहे. लग्नापुरती माळ काढून ठेव, एवढंच मागणं.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
खंडेराव

नाशिक, ता. १०-११-७८

चि. खंडेरावास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माळ निघणार नाही.

ते मंगळसूत्र नव्हे. लोक सीताफळ खातात आणि बिया थुंकतात. मी त्या धुऊन दोन दिवस भिजवते, तापल्या दाभणानं भोक पाडते, खोबरेल लावून पुसते. भोक पाडताना चष्मा लावावा लागतो, पूड डोळ्यात गेली तर डोळा कामातून जातो. इतकं करून केलेली वस्तू मी पेटीत ठेवायला केलेली नाही.

तुझे दाजी गेले त्या दिवशी माझे काळे मणी ठमा आत्यानं तोडले. तिला बोल लावत नाही, तिचेही कुणीतरी असेच तोडले होते. पण नऊ वर्षं गळ्याशी हात गेला की नुसतं कातडं लागत होतं. आता बिया लागतात. मला हौस आहे म्हणून घालते. विधवेला हौस असते, हे बी. ए. झालेल्या बहिणीनं तुला या वयात शिकवायचं का?

माळेसकट बोलावणार असशील तर येते. नाहीतर लताला आशीर्वाद पोस्टानं येतील. विहीणबाईंना हवी असल्यास त्यांनाही एक ओवून देईन.

राग सोडून प्रेम तेवढं ठेव.
अक्का

घोटी, ता. २०-११-७८

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, हीच माझी चूक. ठमा आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला बाजारातून पाच-सहा सीताफळं आणायला लावली. तोंडात दात नाही, तरी चार दिवसांत सगळी संपवली. घरात कुणाला एक फोड दिली नाही. बिया राखेनं घासल्या, पुरचुंडी बांधली आणि मला सांगितलं, की चतुरीची, म्हणजे तुझी, मी तोडली होती, आता तिनं माझी ओवावी, आणि लग्नाच्या आत. मी लोकांचं नाव काढलं तर म्हणाली, लोकांनी आपापली सीताफळं आणावीत.

पुरचुंडी शेजारच्या सहादूबरोबर एस.टी.नं पाठवली आहे. आता मला दोन गळ्यांची बोलणी खायची आहेत. ये. माळेसकट.

खंडेराव

नाशिक, ता. २७-११-७८

चि. खंडेरावास आशीर्वाद.

आत्याची माळ झाली. बऱ्याच बिया भोक पाडताना फुटल्या, म्हणून कमी पडल्या त्या माझ्या माळेतल्या घातल्या. माझी आता आखूड झाली आहे, गळ्याला लागून बसते. लांबून आणखी ठळक दिसेल.

मंडपात पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राख. आत्याला पदर गळ्याभोवती घेऊ देऊ नकोस.

सर्वांना यथायोग्य सांग, आणि माया उणी होऊ देऊ नकोस.

अक्का